सायलीच्या दंडावरचं बटण

"एवढ्या उकाड्यात पोरीला मनगटापत्तुर बाह्या! कुनी शिवल्या कुनास ठावं," कस्तुराकाकू स्वरूपाच्या अगदी कानामागे पुटपुटल्या. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी त्याच शिवायच्या, तेव्हा त्यांना बोलायचा हक्कच होता.

स्वरूपा होमासमोर बसली होती आणि तिच्या पदराची गाठ सुजितच्या उपरण्याला मारलेली. मोशीतल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत चालली होती. उठायची सोय नव्हती, उत्तर द्यायचीही.

बाह्या होत्या त्या दंडावर चिकटवलेलं, साखर मोजणारं पांढरं बटण झाकायला. त्या दोघांच्या सहा वर्षांच्या लेकीचं, सायलीचं, यकृत साखर साठवायचं, पण वेळेला सोडायचंच नाही, डब्याला कुलूप लावून बसलेल्या एखाद्या आत्याबाईसारखं. म्हणून दर तीन-चार तासांनी कच्चं कॉर्नफ्लोर पाण्यात कालवून तिला पाजायचं. रक्तातली साखर उतरायला लागली की ते बटण आईबापाच्या फोनवर बोंब मारायचं. हे घरातल्या चौघांनाच ठाऊक. "आजाराचं कुनापुढं काढू नका, उद्या पोरीचं लगीन करायचंय," असं सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी, आजार कळला त्याच दिवशी बजावलेलं. पाहुणे आले की सायलीला तो पेला बाथरूममध्ये लपून प्यावा लागायचा.

गुरुजी संत तुकाराम नगरातली एक पूजा उरकून उशिरा आले होते. पूजा लांबली, आणि आतल्या रिकाम्या खोलीत सायलीची पलटण मोजे घालून नव्या फरशीवर घसरत होती. तिचं खिदळणं मंत्रांच्याही वर ऐकू यायचं. ते ऐकत स्वरूपाला वाटलं, घर तर केव्हाच नांदायला लागलंय.

तेवढ्यात तिच्या मांडीजवळचा फोन किंचाळला. साखरेचा आकडा चौऱ्याहत्तर, बाण सरळ खाली.

"मोबाइल बंद ठेवा, वहिनी," गुरुजी म्हणाले.

"घसरून घसरून सगळी जाळली बयेनं," सुजित कुजबुजला. "ऊठ."

"आणि गाठ?"

"गाठीसकट ऊठ!"

दोघं अर्धवट उठली, उपरणं ताणलं, सुजितची टोपी थेट तांदळाच्या ताटात. बायका फिस्सकन हसल्या.

"यजमान, आहुती अर्धी राहिलीय!"

सुभद्राबाईंनी सुनेचं तोंड पाहिलं मात्र, गुडघेदुखी विसरून त्या ताडकन उठल्या. पिशवीतला कॉर्नफ्लोरचा डबा काढून त्यांनी पेला कालवला आणि घामाघूम सायलीला दंडाला धरून बाहेर आणलं. पण बाथरूमच्या वाटेवर कस्तुराकाकू आडव्या.

"अक्का, आजून निवद दावायचाय. देवाआदी पोरीला काय पाजताय? आन् हे पांढरं कसलं?"

सगळ्या माना वळल्या. अर्जुनराव, सायलीचे आजोबा, उगाचच खोकले. 'ताकदीचं औषध आहे,' स्वरूपाच्या जिभेवर नेहमीची थाप तयार होती.

सुभद्राबाई बाथरूमकडे गेल्याच नाहीत. सगळ्यांच्या मधोमध त्यांनी पेला सायलीच्या तोंडाला लावला. पोरीनं घटाघट पिऊन पांढरी मिशी पुसली. मग म्हातारीनं तिची बाही खांद्यापर्यंत सारली. बटणावर सायलीनं जांभळं फुलपाखरू चिकटवलेलं. कुणी विचारायच्या आत तिनं ते सगळ्यांपुढे मिरवूनही घेतलं.

"माझ्या नातीला आजार हाय, कस्तुरे. जल्माचा हाय," सुभद्राबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आता कात्री घे आन् ह्या बाह्या काप. लई उकडतंय पोरीला."