साबणाचा इतिहास

“...आणि अशा रीतीने राख आणि चरबी यांची गाठ पडली,” माहितीवाल्यांनी प्रकरण वाचून संपवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बायकोकडे पाहिलं. ती स्टुलावर बसून मटार सोलत होती. तिने मान हलवली.

“कळलं?”

“हो की.”

“कुठे अडलं नाही?”

“नाही बाई. छान आहे.”

माहितीवाल्यांना आकाश ठेंगणं झालं. हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं, कारण कुणी न विचारलेली माहिती पुरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आरशाचा इतिहास, कुलुपाचा इतिहास, खुर्चीचा इतिहास! नोकरी सांभाळून लिहिलेली ही पुस्तकं विद्वानांसाठी नव्हती. दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या साध्यासुध्या चौकस माणसांसाठी होती, आणि त्या सगळ्यांच्या वतीने स्वयंपाकघरात ही एकटी बाई ऐकायला बसायची. छापायला जाण्याआधी प्रत्येक प्रकरण तिला वाचून दाखवायचं, हा शिरस्ता.

शाळेत ती फार टिकली नव्हती, पण शंका काढण्यात कुणाच्या बापाला ऐकायची नाही. “थांबा. हा राजा मघाशी मेला होता ना?” “थांबा. कुलूप केलं खरं, पण चोरण्यासारखं घरात होतं काय त्यांच्या?” माहितीवाले चिडायचे, कागद आपटायचे, तुझ्यापुढे वाचण्यापेक्षा भिंतीला वाचून दाखवलेलं बरं म्हणायचे. मग मुकाट्याने ते पान पुन्हा लिहायला बसायचे. पुस्तकं खपायची ती त्या ‘थांबा’मुळे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तोंडाने मात्र कधी कबूल केलं नाही.

साबणाच्या पुस्तकाला एकदाही ‘थांबा’ आलं नाही. “आता कुठे हात बसला बघा,” असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. केस कापता कापता न्हाव्याला सांगितलं, “आमची बायकोसुद्धा गप्प झाली, बोला!”

आणि मग प्रकाशनातल्या संपादिकेने सगळे कागद त्यांच्यासमोर ठेवले. मुलीच्या वयाची, पण कामाला चोख.

“सर, रागावू नका. मी रसायनशास्त्र शिकलेय, म्हणून मला कळलं. पण पाचव्या प्रकरणात तो व्यापारी उगवतो, तो कोण, कुठला, काहीच नाही. दोन प्रकरणं तर उलटसुलट लागलीत. तुम्ही घरी वाचून दाखवता ना नेहमी?”

“दाखवलं की. अक्षर न् अक्षर.”

बोलता बोलताच त्यांना भाजीत दोनदा पडलेलं मीठ आठवलं. दूध उतू जात असताना दारात नुसती उभी राहिलेली ती आठवली. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं आणि वयावर ढकलून दिलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखी खुर्ची ओढली. हातात कोरा कागद धरला आणि वाचल्यासारखं करून म्हणाले, “मग राजाने हुकूम काढला, की उद्यापासून नदीतल्या सगळ्या माशांनी साबण लावून आंघोळ करावी.”

ते थांबले. तिने मान हलवली.

“माशांनी तक्रार केली, की साबण डोळ्यांत जातो.”

एरवी तिने हातातलं काम फेकून देऊन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसून घेतलं असतं. ती म्हणाली, “छान आहे.”

“अगं, मासे गं! मासे साबण लावताहेत!”

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, “माझं चुकलं का काही?”

माहितीवाल्यांनी कोरा कागद खाली ठेवला.

“तुम्ही वाचता ते कानाला गोड लागतं हो. पण पुढचं आलं की मागचं जातं. थांबा म्हणावंसं वाटतं, पण कशासाठी थांबा, तेच आठवत नाही.”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“कसं सांगू? हात बसला, हात बसला म्हणून गावभर सांगत होता. इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं तुम्हाला.”

तेव्हा मात्र माहितीवाल्यांना रडू फुटलं. कुलुपामागे काय घडलं आणि खुर्चीमागे काय घडलं ते उकरून काढणाऱ्या माणसाला समोरच्या स्टुलावर काय चाललंय ते दिसलं नव्हतं. दिसलं नाही, कारण स्तुती गोड लागत होती. ती गोंधळली, आणि पदराने त्यांचेच डोळे पुसू लागली.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. नवीन काही कळलं नाही. आठवड्याने संपादिकेचा फोन आला.

“सर, सुधारायला किती दिवस देऊ?”

“राहू द्या ते पुस्तक आता.”

“असं काय करता? एवढी मेहनत झालीय. मी ऐकते ना! रोज एक प्रकरण फोनवर वाचून दाखवा मला.”

“तुमचे उपकार आहेत,” माहितीवाले म्हणाले. “पण तुम्हाला सगळं कळतं हो.”

त्यांनी हळूच फोन ठेवला.

आत ती हात पुसून केव्हाची बसली होती. समोर त्यांची खुर्चीही मांडून ठेवली होती. “अहो, आज वाचायचं नाही?”

माहितीवाल्यांनी टेबलावरून हाताला लागलं ते पान उचललं. मधलंच कुठलं तरी होतं, वरचं वाक्य अर्धवट. तिच्यासमोर बसून, घसा खाकरून ते तिथूनच वाचू लागले.