क्रिकला क्रॅक

आमच्या ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर गोष्ट सांगणारा "क्रिक!" म्हणतो, ऐकणारे "क्रॅक!" ओरडतात, मगच गोष्ट पुढे सरकते. लंडनला आल्यावरही आईने हे सोडलं नाही. जांभई देत क्रॅक म्हटलं, तर ती गोष्ट तिथेच बंद करायची.

आज मी तिचीच, जायफळ फोडणाऱ्या बायकांच्या संपाची गोष्ट घेऊन एका चित्रपट कंपनीत बसले होते. काळ्या लेखकांना बोलावणारी ही शेवटचीच कंपनी उरली होती. बाकीच्यांनी केव्हाच वाटेला लावलं होतं. सवयीने तोंडून निघालं, "क्रिक!"

क्रॅक आला नाही, तरी मी गोष्ट सांगून टाकली. निर्मात्या हॅरिएटबाई गोड हसल्या. "छान गं! पण यात चाकू कुठाय? टोळीतला एखादा पोरगा?"

"बाई, जायफळं हातोडीने फोडतात."

"आयान्थी, प्रेक्षकांना तुमच्या लोकांचं खरं जग हवंय."

आमचं खरं जग हिला ठाऊक! डोक्यात तिडीक गेली. पण हे दारही बंद झालं की संपलंच सगळं. मी घसा खाकरला.

"पहिल्याच दृश्यात... एक मुलगा चाकू काढतो."

"हं!" सगळे एकदम पुढे सरसावले. "मग?"

इतका जोरदार क्रॅक आईलाही कधी मिळाला नव्हता.