फौजदाराला सोबत

नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, वाचाही गेली, तेव्हापासून ती त्याची खाट माशांच्या टाकीसमोर ओढून मगच कामावर जायची. शर्टांना कॉलर लावायचं काम, संध्याकाळपर्यंत मान वर करायची सोय नाही. दुपारी शेजारच्या काकू येऊन पाणी पाजून जायच्या. बाकी वेळ तो, आणि टाकीतला एकुलता एक निळा मासा, आफ्रिकन सिक्लिड जातीचा. धडधाकट असताना त्यानेच त्याला फौजदार म्हणायला सुरुवात केली होती.

"अहो, याला सोबत आणू का?" तिने एकदा सहज विचारलं.

त्याने एकदा पापणी मिटली. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. कितीतरी दिवसांनी त्याला काहीतरी हवं होतं. ती हरखून गेली.

मासेवाला बोलका होता. "ताई, गोल्डफिश नका नेऊ, हा त्यांची चटणी करील. याच्याच जातकुळीतले, याच्याच अंगापिंडाचे न्या. निळा मात्र नको, निळा दिसला की याचं डोकं फिरणार. आणि एकटादुकटा नको. घोळका असला की राग वाटला जातो."

"एवढंच ना?"

"टाकीतले दगड हलवा. सगळे. त्याला आपली जुनी हद्द सापडता कामा नये. हे राहिलं तर बाकीचं सगळं पाण्यात."

तिने सहा पिवळे आणले. बाही वर सारून पहिला दगड उचलला, तोच मागून घशातली घरघर ऐकू आली. ते दगड नवऱ्याने नदीवरून एकेक निवडून आणले होते, आणि त्यांची कमान स्वतःच्या हातांनी रचली होती. त्याची पापणी दोनदा मिटली. पुन्हा दोनदा.

"अहो, हलवावे लागतात हो."

त्याचे डोळे भरून आले.

"बरं बरं, राहू देते." तिने दगड होता तसा ठेवला आणि पिवळे पाण्यात सोडले. रात्रभर सगळं शांत होतं. सकाळी ती निर्धास्त निघाली.

संध्याकाळी आली तर पाणी गढूळ. फिल्टरच्या जाळीला पिवळ्या चिंध्या चिकटलेल्या. एक जण अजून जिवंत होता, शेपटीवाचून, कोपऱ्यात कलंडलेला. फौजदार कमानीपुढे ऐटीत उभा.

"दुपारी पळापळ चालली होती," काकू दारातून म्हणाल्या. "मला वाटलं, खेळतायत."

नवऱ्याची उशी ओली होती. त्याला मान वळवता येत नव्हती, हाक मारता येत नव्हती.

"सगळं बघितलंत?"

पापणी एकदा मिटली.

तिने टाकीवर चादर टाकली, दूध कोमट करून आणलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले. चमच्यातलं दूध हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. ते तिने पदराने पुसलं.

"माझं चुकलं. तुमचं ऐकायला नको होतं मी. अहो, रागवा तरी माझ्यावर!"

त्याने डोळे मिटून घेतले, ते उघडलेच नाहीत. तो जागा आहे, हे तिला श्वासावरून कळत होतं. वाटी हातात धरून ती तशीच बसून राहिली.