खोटा म्हातारा

"नाना, आता यात एक खोटा म्हातारा घाला," संगणकवाली म्हणाली.

"म्हणजे?"

"चाचणीसाठी हो. सगळं नीट चालतंय का ते बघू. नाव काहीही लिहा. फोन मात्र खरा हवा, निरोप येतो का ते कळायला. आणि पत्ताही खरा, नाहीतर नकाशा रुसून बसतो."

खरा फोन आणि खरा पत्ता म्हटल्यावर नानांना स्वतःचाच आठवला. नावाच्या जागी त्यांनी एका बोटाने ‘खोटा म्हातारा’ असंच टाइप केलं. वय स्वतःचं. मजला तिसरा. ऐकू येतं का? उत्तम. आवडीनिवडी? रेडिओ आणि जुन्या टेलिफोनच्या गोष्टी. शेवटचा प्रश्न होता, एकटेपणा कधी जाणवतो? नानांचं बोट हवेतच थांबलं. मग त्यांनी लिहिलं, ‘चार वाजल्यानंतर. घर खायला उठतं. कुणीही चालेल, बडबडं माणूस असलं तरी.’

संगणकवालीने वाचलं आणि ती खूश झाली. "वा! अगदी खरा वाटतोय. तुम्ही गोष्टी लिहायला घ्या नाना."

"खोटं करायचं तर नीट करावं," नाना म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

नानांच्या संस्थेचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा कुणीतरी जाऊन तासभर बसायचं, बस्स. औषध द्यायचं नाही आणि उपदेश तर मुळीच नाही. कुणाकडे कुणी जायचं ते नाना ठरवायचे. उभी हयात त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये याची तार त्याला जोडण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर तारेऐवजी थेट माणसंच जोडायला घेतली. त्यासाठी भिंतीवर एक फळी होती. तिच्यावरचा एकेक खिळा म्हणजे एकेक म्हातारं माणूस, आणि खिळ्याला अडकवलेली रंगीत पट्टी म्हणजे त्याच्याकडे जाणारा सोबती. कुणी दार जोरात आपटलं की चार पट्ट्या खाली पडत आणि चार जणांच्या नशिबांची अदलाबदल होई. मांजर दिसलं की शिंकणारा गडी मांजरांनी भरलेल्या घरात जाऊन पडे आणि परत येऊन नानांच्या नावाने बोटं मोडे.

इथवर ठीक होतं, हसण्यावारी जायचं. पण एकदा एक पट्टी कपाटामागे पडली ती पडलीच. शिवणकाम करून म्हातारी झालेली एक बाई दोन बुधवार केस विंचरून, चांगली साडी नेसून खिडकीत बसून राहिली आणि तिच्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. तिसऱ्या बुधवारी तिने फोन केला. तक्रार नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "माझं काही चुकलं का हो?"

तो प्रश्न नानांच्या मनात काट्यासारखा रुतला. ते तडक उठून संस्थेच्या बाईंसमोर उभे राहिले. बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही समोरच्याने शर्टाचं बटण लावलंय का ते आधी बघत.

"बाई, फळी पुरे झाली. काहीतरी पक्कं करा," नाना म्हणाले.

पहिल्यांदा बाईंनी कुठूनसं एक तयार सॉफ्टवेअर फुकटात मिळवलं. ते मुळात दुकानांसाठी होतं. ते म्हाताऱ्यांना ‘ग्राहक’ म्हणे, भेटीला ‘विक्री’ म्हणे, आणि शनिवारी न चुकता कळवी की जुना माल पडून आहे. बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी आपल्या भाचीला धरून आणलं. हीच ती संगणकवाली. आल्या आल्या तिने संगणक उघडलाच नाही. नानांशेजारी स्टूल ओढलं आणि प्रश्नांची सरबत्ती लावली. कुणाकडे कुत्रा आहे? कुणाला कुठल्या कानाने ऐकू येतं? कोण कुणाशी भांडलंय? सांगता सांगता नानांच्या घशाला कोरड पडली, पण जे तयार झालं ते संस्थेच्या अंगावर बेतून शिवल्यासारखं झालं.

सोमवारी ते सुरू झालं. कुणाला जायला जमणार नसेल तर दुसऱ्याला आपोआप निरोप जाई. भेट व्हायची राहिली तर ओळ लाल होई आणि कुणीतरी धावत जाईपर्यंत लालच राही. बुधवारी शिवणवाल्या आजींची ओळ हिरवी झाली तेव्हा नानांचा जीव भांड्यात पडला. लेकीचा निकाल बघावा तसे ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अजून बारासुद्धा वाजले नव्हते आणि हातात काडीचं काम उरलं नव्हतं.

इथेच खरी मेख होती. फळी होती तोवर फोनाफोनी करता करता दिवे लागायची वेळ होई, आणि नानांना तेच हवं असे. एक्सचेंजची त्यांची पाळी चारला सुटायची. आयुष्यभर चारला सुटून ते घरी येत आणि बायको दार उघडून उभी असे. ती गेल्यापासून, दोन वर्षं झाली, दुपारी चारला घरी असायची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिली नव्हती. सगळ्यांचा वेळ वाचवायचा म्हणून जे आणलं, त्याने नानांच्या अंगावर नेमका तोच वेळ आणून टाकला. आणि हे सांगणार कुणाला? पक्कं काहीतरी मागणारे तेच होते.

त्यांनी आपल्या परीने प्रयत्न केला. कपाटं आवरली. आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. कुंडीतल्या रोपाला ते दिवसातून तीनदा पाणी घालू लागले तेव्हा बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाना, झाड बुडेल. घरी जा, पाय पसरून पडा जरा."

"घरी काय, जाईनच की," नाना म्हणाले. जिन्यात दोनदा थांबून ते गेले.

तो गुरुवार होता. चार वाजले आणि दारावरची घंटी वाजली. नानांनी दार उघडलं तर समोर घामाघूम कंडक्टरबाई उभ्या. कंडक्टरबाई बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झालेल्या. संस्थेत येऊन बरेच दिवस झाले, पण त्यांचा आवाज असा की शेजारच्याला हाक मारली तर पुढच्या चौकातला माणूस वळून बघे. ‘हिला कुणाकडे पाठवू? म्हातारं माणूस दचकून जायचं’ असं म्हणत नानांनी त्यांची पट्टी रिकाम्या खिळ्यावर नुसती टांगून ठेवली होती.

"नाना? तुम्ही इथं काय करताय?" सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. "आज माझी पाळी आहे! त्या मशीननं दोघांना एकाच घरी धाडलं की काय?"

"अहो, हे माझंच घर आहे."

"मग म्हातारा कुठाय?"

नानांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी मान खाली घातली. "तो... तो मीच. म्हणजे मी नाही. चाचणीचा होता, काढायचा राहिला. ‘खोटा म्हातारा’ नाव बघून तुम्हाला शंका नाही आली?"

"मला वाटलं टोपणनाव असेल. मला नाही का डेपोत भोंगा म्हणायचे?" त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "बरं, चूक तर चूक. तीन जिने चढून आलेय मी. निदान पाणी तरी द्याल?"

पाणी दिलं. पाण्यामागून चहा झाला. चहाबरोबर नाना एक्सचेंजमधल्या एका पठ्ठ्याची गोष्ट सांगून गेले, जो चुकीची तार जोडून दोन अनोळखी घरांची सोयरीक जुळवून बसला होता. कंडक्टरबाई अशा खदखदून हसल्या की कपाटातल्या बश्या वाजल्या. मग त्यांनी बसमध्ये विसरलेल्या कवळीची गोष्ट सांगितली. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. बघता बघता बाहेर ऊन उतरलं.

"पुढच्या गुरुवारी येऊ ना?" चपला घालताना त्यांनी विचारलं.

"छे छे, चूक होती ती," नाना घाईघाईने म्हणाले. "तुम्हाला चांगलं गरजू माणूस देतो."

"बरं," कंडक्टरबाई म्हणाल्या. एवढ्या हळू बोलताना नानांनी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी संगणकवाली ओरडलीच, "नाना! तो खोटा म्हातारा आतच राहिला की! काल त्याच्याकडे भेटपण झाली. थांबा, काढून टाकते."

"काढ," नाना म्हणाले.

तिने बोट उचललं. नाना त्या बोटाकडे बघत राहिले. दुसऱ्याला सोबत देताना त्यांना कधी लाज वाटली नव्हती; मागताना मात्र कानशिलं तापली.

"थांब पोरी. काढू नकोस." त्यांनी घसा साफ केला. "त्याला खरा कर."

संगणकवालीने त्यांच्याकडे पाहिलं आणि, देव तिचं भलं करो, एकही प्रश्न विचारला नाही. तिने नाव बदललं. लगेच पडद्यावर लाल अक्षरं उमटली: हा माणूस मदत करणाऱ्यांत आहे, त्याला मदत मागता येणार नाही.

"बघ, मशीनच नाही म्हणतंय," नाना उठू लागले.

"मशीन कोण नाही म्हणणारं? ते मीच लिहिलंय, आणि चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली. "दुकानातून आणलेलं असतं तर इथंच हात टेकले असते. हे आपलं आहे. बसा खाली." तिने काहीबाही खुडबुड केली. लाल अक्षरं गेली. "झालं. आता एकच माणूस दोन्हीकडे असू शकतो."

पलीकडच्या टेबलावर बाई कागदात डोकं घालून बसल्या होत्या. डोकं वर न काढताच त्या म्हणाल्या, "मग मलाही घाल दोन्हीकडे. फक्त शुद्धलेखन चांगलं असलेला माणूस पाठव."

पुढच्या गुरुवारी नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला. साडेतीनलाच चहाचं आधण ठेवलं, मग उतरवलं, मग पुन्हा ठेवलं. कंडक्टरबाई आल्या त्या जिन्यातूनच बोलत आल्या. दोन पावलं आत टाकली आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीपाशी थबकल्या.

"इथं कुणी बसत नाही वाटतं?"

"आमची ही बसायची," नाना म्हणाले. या घरात हे वाक्य त्यांनी अजून मोठ्याने म्हटलं नव्हतं. म्हटलं आणि काही कोसळलं नाही.

"बोलक्या होत्या?"

"तशी होती. पण मी दिवसभर लोकांचं बोलणं कानात घेऊन यायचो ना. म्हणून मी आलो की ती तासभर गप्प बसायची. मी इथं, ती तिथं. दोघांचा चहा. बस्स." नाना थांबले. "कंडक्टरबाई, एक मागू? आज नाही बोललं तर चालेल का? नुसतं बसू."

कंडक्टरबाईंनी तोंड उघडलं, मिटलं आणि होकारार्थी मान डोलावली. वेताच्या खुर्चीकडे त्या गेल्या नाहीत. पलीकडचं स्टूल त्यांनी आवाज न करता उचललं, भिंतीशी ठेवलं आणि त्यावर बसल्या. खालून बस गेली, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. ज्या आवाजाने एके काळी भरलेली बस मागे सरकायची, तो आवाज कंडक्टरबाईंनी तासभर आपल्या छातीशी धरून ठेवला, आणि नाना खिडकीकडे बघत सावकाश चहा पीत राहिले.