तिसरी रिंग

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, पण कान शाबूत आहेत. पूर्वी मी सूनबाईंकडे होतो, तेव्हा साऱ्या जगाची खबर माझ्याकडे असायची. त्यांनी नवा फोन घेतला आणि नेट बंद करून मला सासूबाईंच्या शिलाई मशीनवर आणून ठेवलं. कपडे टाकायला आलेल्या बायका मला हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अगंबाई, यात तर काहीच नाही!" फार वाईट वाटायचं हो.

पण मी मुळात चौकस. रोज दुपारी बाराला एक फोन यायचा. दोनदा वाजायचा आणि बंद. शिलाईवाल्या आमच्या बाई, म्हणजे सासूबाई, उचलायच्याच नाहीत. मग त्या तोच नंबर लावायच्या, दोन रिंगा झाल्या की कट करायच्या आणि खुशाल काजं करायला बसायच्या. नंबराला नावसुद्धा नाही! कोण असेल हा मिसकॉलवाला?

एकदा सूनबाईंनीच विचारलं.

"माझी धाकटी बहीण," बाई म्हणाल्या. "आईची कात्री तिने नेली, त्यावरून भांडलो. नऊ वर्षं बोलत नाही आम्ही."

"मग हे रोजचं काय?"

"दोन रिंगा म्हणजे बरी आहे. त्याला बोलणं म्हणत नाहीत."

हसावं की रडावं, मला कळेना.

एका मंगळवारी बारा वाजले, साडेबारा झाले. मी गप्प. बाईंनी मला झटकून पाहिलं, आवाज वाढवला. ब्लाउजला बाही उलटी लावली. एक वाजला तशी त्यांनी शिवण बाजूला सारली.

सूनबाई म्हणाल्या, "मावशींकडेही नेट नाही. नाहीतर शेवटच्या ऑनलाइन कधी होत्या, ते माझ्या फोनवर बघितलं असतं."

"नसू दे. नेट आपण लावायचा असतो!"

बाईंनी नंबर लावला. दोन रिंगा झाल्या. अंगठा लाल बटणावर होता. तिसरी वाजली. चौथी, पाचवी. माझा जीव टांगणीला लागला. सातवीला पलीकडून बसलेला आवाज आला.

"फोन कापला का नाहीस, ताई?"

"तू मिसकॉल का नाही दिलास?"

"ताप होता गं. डोळा लागला. किती वाजले?"

"अगं मेले, जीव गेला होता माझा इथे!"

दोघी रडल्या. मग कात्रीचा विषय निघालाच.

"गंजलीय ती," धाकटी म्हणाली. "आणून देऊ?"

"आधी बरी हो."

माझी बॅटरी संपेपर्यंत त्या बोलत होत्या.

मित्रांनो, जुना फोन खणात टाकण्याआधी एकदा चार्ज करून बघा. कुणीतरी त्याच्याच वाजण्याची वाट बघत असेल. आमच्याकडे अजून बाराला फोन येतो. बाई पहिल्याच रिंगला उचलतात. दुसरी कशी वाजते, ते मी विसरूनच गेलोय.