साडूच्या भिंतीतली ओल

गवंडी आणि त्याचा रंगारी साडू यांच्यात पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. बायका सख्ख्या बहिणी, म्हणून एकमेकांची तोंडं बघायची, एवढंच. तीन वर्षांपूर्वी गवंड्यानं साडूचं घर बांधलं, तेही बायकोच्या हट्टापायी. आता त्या घराच्या मागच्या खोलीत गुडघाभर ओल चढली होती, आणि रंगारी भेटेल त्याला सांगत सुटला होता, "साडूनं भिंत नाही, चाळण बांधलीय."

हे कानावर आलं तसा गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन थेट तिथं पोचला. भिंत दुहेरी होती, मधे चार बोटं पोकळी. बाहेरून झिरपलेलं पाणी त्या पोकळीतून खाली उतरायचं आणि तळाच्या भोकांतून निघून जायचं. वरच्या जाळ्यांतून वारा खेळून आतली भिंत कोरडी राहायची. पण तळाला एकही भोक दिसेना. सगळ्यांवर सिमेंट थापून रंग दिलेला.

"ही कुणी बुजवली?"

"मी. मुंग्या यायच्या," रंगारी म्हणाला.

"स्वतः पाणी कोंडलंस आणि बोंब माझ्या नावानं?"

"दाजी, शेजारी ऐकतायत," मेहुणी दारातून म्हणाली. गवंड्याला तेच हवं होतं. त्यानं मुद्दाम आवाज चढवून एकेक भोक फोडलं.

पाणी मात्र आलं नाही. दोन विटा काढून त्यानं आत हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. वीतभर उंच, दगडासारखा घट्ट झालेला सिमेंट-वाळूचा माल तळाशी साचला होता. बांधताना पोकळीत फळी धरून सांडणारा माल झेलायचा असतो. साडूचं काम म्हणून त्यानं तेवढं मनावर घेतलं नव्हतं.

तो घाईनं वीट परत लावू लागला. रंगाऱ्यानं त्याचं मनगट धरलं, स्वतः आत चाचपलं आणि एक ढेकूळ बाहेर काढलं.

"हाही मीच टाकला का?"

"भोकं तू बुजवलीस."

"विचारलं ते सांग."

गवंड्यानं हातातली वीट खाली ठेवली.

"दोघांनी मिळून माझं घर नासवलंत," मेहुणी म्हणाली. "आता दोघांनीच निस्तरा. तोवर चहासुद्धा मिळणार नाही."

चार दिवस दोघं एकमेकांकडे पाठ करून खपले. चार घमेली माल निघाला. मुंग्यांसाठी भोकांना बारीक जाळी बसली. दोन महिन्यांनी खोली खडखडीत वाळली, पण रंगारी त्या चार घमेल्यांची गोष्ट गावभर सांगत फिरला, आणि गवंडी बायकोला बहिणीकडे एकटीलाच पाठवू लागला.