जागा की मैदान

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर लोकांनी ती क्लबच्या माथी मारली, छापखान्याच्या माथी मारली, एकाने तर माझ्या आईच्या, जिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण चूक एका शब्दाची होती आणि तो शब्द मी लिहिला होता.

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात आणि मी दिवसभर त्यात दात बसवत असते. उरलेल्या वेळात मी आमच्या क्लबच्या पूर्व स्टँडच्या प्रेक्षक मंडळाची चिटणीस आहे. हे पद मला कसं मिळालं? त्या सभेला मी उशिरा पोचले आणि तोवर बाकी सगळ्यांचा नकार देऊन झाला होता.

गेले चार महिने आमच्याकडे एकच विषय होता. क्लबला शहराबाहेर, हमरस्त्याला लागून, तिप्पट मोठं मैदान मिळत होतं. तिथे जायचं की आहे तिथेच राहायचं? आमच्या पूर्व स्टँडमध्ये एकशे बेचाळीस सभासद आणि त्यांची निदान दोनशे मतं. कारण माझ्यासारखे बरेच जण होते, जे सकाळी एका बाजूचे आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूचे.

राहायचं म्हणणाऱ्यांचे पुढारी माझे बाबा. आयुष्यभर वेल्डिंग केलं, आता निवृत्त. पूर्व स्टँडचे कठडे त्यांनी स्वतः जोडलेले आहेत, ते लोकांना हात लावून दाखवतात. "इथून बॉलला लाथ बसल्याचा आवाज ऐकू येतो," ते म्हणायचे. "तिथे काय ऐकू येणार? जाहिराती." हे ऐकलं की मला वाटायचं, खरंच, कशाला हलायचं?

जायचं म्हणणाऱ्यांचे पुढारी सलूनकाका. कोपऱ्यावरचं सलून त्यांचं, म्हणून हे नाव. सातव्या रांगेत चौदा नंबरची खुर्ची त्यांची, पंधरा बाबांची. सत्तावीस वर्षं दोघं शेजारी बसतात. "अगं, छपरातून पाणी गळतं, बायकांसाठी एकच स्वच्छतागृह, तेही बंद," ते मला म्हणायचे. "हौसेने किती दिवस सोसायचं?" हेही मला तितकंच पटायचं. ज्याचं शेवटचं ऐकलं त्याची मी व्हायचे.

बाबांचे केसही काकाच कापतात. त्यामुळे महिन्यातून एकदा बाबांना मान खाली घालून नव्या मैदानाचं कौतुक ऐकावं लागायचं. कात्री कानाशी असताना वाद घालणं बरं नाही, असं त्यांचं मत. घरी आले की मग भिंतीशी भांडायचे.

तर झालं असं. क्लबकडून पत्र आलं: "क्लबने जागा बदलावी किंवा कसे, याबाबत प्रत्येक स्टँडच्या मंडळाने सभासदांचे मत कळवावे." आता, आमचं मंडळ दर मोसमाच्या शेवटी सभासदांना एक चिठ्ठी वाटतंच. वर खुर्चीचा नंबर, खाली प्रश्न: "जागा बदलायची आहे का? होय / नाही." कुणाला खांबाआडून दिसत नाही, कुणाचं शेजाऱ्याशी पटत नाही, त्यांच्यासाठी ती सोय. मी क्लबचं पत्र वाचलं, जुनी चिठ्ठी काढली, आणि मला वाटलं, अरे वा, प्रश्न तयारच आहे! वरचं साल बदललं आणि छापून वाटली. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

चिठ्ठ्या मी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर मोजायला घेतल्या. दहाबारा चिठ्ठ्यांतच माझं डोकं गरगरायला लागलं. बसच्या मागच्या काचेवर "आम्ही इथेच" असा कागद चिकटवून चार महिने शहरभर फिरणारा ड्रायव्हर, त्याने लिहिलं होतं "होय". नव्या मैदानासाठी सह्या गोळा करणाऱ्या दोघी बहिणी, दोघींचं "नाही". मी परत पहिल्यापासून मोजलं. मग वाटलं, मीच होय आणि नाहीचे गठ्ठे उलटे लावलेत. ते सुलटे केले, तर आणखी घोळ झाला.

मग चौदा नंबर आला. सलूनकाकांचं "नाही", त्याखाली तीन रेघा. आणि पंधरा नंबर. बाबांच्या सुबक अक्षरात, "होय".

मी ती चिठ्ठी साच्यांच्या मधोमध ठेवली आणि बघत बसले. चार महिने घरात भिंतीशी भांडणारा माणूस गुपचूप "होय" लिहितो? मला खरं सांगायचं तर रागच आला. माझ्यापासून लपवायचं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फाटकाची कडी घासत बसले होते. मी सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही चिठ्ठीवर होय लिहिलंत?"

"हो. का?"

"का म्हणजे? तुम्ही तर जायचं नाही म्हणताय ना?"

"जायचं नाहीच."

"मग होय कशाला?"

"तूच विचारलंस, जागा बदलायची का. म्हटलं, बदलायची. दोन रांगा खाली मिळाली तरी चालेल. कडेची असेल तर उत्तम."

"बाबा, जागा म्हणजे मैदान!"

"जागा म्हणजे जागा. मैदान म्हणजे मैदान. बरी आहेस ना तू?"

मी तिथेच फाटकाशी खाली बसले. बहिणी, ड्रायव्हर, काकांच्या तीन रेघा, सगळं एकदम लख्ख झालं. अर्ध्या स्टँडने मैदानाबद्दल लिहिलं होतं आणि अर्ध्याने खुर्चीबद्दल. कुठलं मत कशाचं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

थोडं सावरल्यावर मला दुसरी गोष्ट सुचली. "पण तुम्हाला खुर्ची का बदलायचीय?"

बाबांनी कडी उलटी करून मागची बाजू घासायला घेतली. मग म्हणाले, "चार महिने झाले, मी एक मॅच धड बघितली नाही. हा शेजारी बसून नुसता लिफ्ट, छप्पर, पार्किंग. मला राग येतो. राग आला की मला बॉल दिसत नाही."

"मग त्यांना सांगा ना, गप्प बसा म्हणून."

"सांगितलं तर तो बोलेल, मग मी बोलेन. आमच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. अजून एक मोसम असा शेजारी काढला तर दोस्ती तुटेल आमची. त्यापेक्षा दोन रांगा खाली बसतो. मॅच संपली की चहाला आहेच एकत्र." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला कळता कामा नये. खांबाचा त्रास होतो म्हणून मंडळानेच बदलली, असं सांग तू."

मी हो म्हटलं. तेव्हा ते मला अगदी सोपं वाटलं होतं.

रविवारी दुपारी स्टँडखालच्या खोलीत तातडीची सभा भरली. जाळी, झेंडे आणि हवा गेलेले बॉल एका कोपऱ्यात ढकलून माणसं दाटीवाटीने बसली होती. आमच्या अध्यक्ष नर्सबाई आहेत. मी उभी राहून चूक कबूल केली. आधी कुणालाच काही कळलं नाही. मग सगळ्यांना एकदम कळलं आणि जो कालवा झाला तो विचारू नका.

"म्हणजे मी काय लिहिलं?" ड्रायव्हर विचारत होता.

"तुला काय म्हणायचं होतं?"

"मला गळक्या छपराखालून हलायचं होतं."

"म्हणजे नव्या मैदानात?"

"नाही हो! चौथ्या रांगेत!"

पुन्हा मतदान घ्यायला वेळ नव्हता, क्लबला सहा वाजेपर्यंत उत्तर हवं होतं. नर्सबाईंनी तोडगा काढला. खुर्चीच्या नंबराप्रमाणे एकेक चिठ्ठी वाचायची. ज्याची असेल त्याने उभं राहून सांगायचं, मैदान की जागा. मैदान म्हणाला तर मत आहे तसं धरायचं. जागा म्हणाला तर मैदानाचं मत तिथेच तोंडी द्यायचं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडून काढून घेतला. माझ्यावर कोणाचाच भरवसा उरला नव्हता, माझासुद्धा.

बाबांची चिठ्ठी आधीच बाजूला काढून ठेवायला हवी होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी बाबांकडे पाहिलं. ते समोर, भिंतीवरच्या जुन्या संघाच्या फोटोकडे बघत होते. सलूनकाका त्यांच्या शेजारीच, सवयीने डाव्या हाताला.

सहा रांगा झाल्या. जायचं आणि राहायचं जवळपास बरोबरीत चाललं होतं. मी कागदावर रेघा मारत होते.

"सातवी रांग, चौदा," नर्सबाईंनी वाचलं. "नाही."

काका हसत उठले. "जागा! मैदान बदलायलाच पाहिजे, ते लिहा तोंडी. पण हे 'नाही' माझ्या खुर्चीचं." त्यांनी अंगठ्याने बाबांकडे दाखवलं. "कितीही डोकं खाल्लं तरी याच्या शेजारून मी हलत नाही. तीन रेघा मारल्यात, बघा."

लोक हसले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबाही हसले. ते हसू मला बघवेना.

"पंधरा." नर्सबाई थांबल्या. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. "होय."

"चुकीचं वाचताय, बाई," काका म्हणाले.

"मी डॉक्टरांचं अक्षर वाचते. चुकायची नाही. होयच आहे. मैदान की जागा?"

बाबा उभे राहिले. राहायचं म्हणणारे सगळे त्यांच्यावर नजर लावून बसले होते. त्यांना वाटलं, आमच्यासारखाच घोळ झालेला दिसतो. "जागा म्हणा!" मागून ओरडा झाला. "जागा! सांगा ना, जागा!" त्या बिचाऱ्यांना आपण काय मागतोय याची कल्पना नव्हती. ती फक्त एकाला यायला लागली होती. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, पण त्याचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"जागा?" काकांनी हळूच विचारलं. "माझ्या शेजारची?"

चुकून होय लिहिलं गेलं, असं सांगता आलं असतं. हे मला त्या दिवशी घरी पोचल्यावर सुचलं. तेव्हा ना मला सुचलं, ना बाबांना.

"मैदान," बाबा म्हणाले. "मी मैदानाला होय म्हटलंय."

मग काका ओरडले, "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी पटलं याला!" आणि त्यांनी बाबांना मिठी मारली. बाबा हात खाली सोडून तसेच उभे होते. मागच्या रांगेतला एक जण मला विचारत होता की आता आपण नक्की कुठल्या बाजूला आहोत. मला काय विचारतो? मी रेघ मारली, आणि ती बरोबर रकान्यात मारली का, हे तीनदा तपासलं.

त्यानंतरची मतं भलतीच आली. राहायचं म्हणणारे एकेक जण उठायचे, बाबांकडे बघायचे, गोंधळायचे आणि "मैदान, होय" असं पुटपुटून बसायचे. यांनाच पटलं असेल तर काहीतरी असेल त्यात, असं त्यांना वाटलं असणार. सहाच्या आत मी क्लबला कळवलं: पूर्व स्टँडचं मत जाण्याच्या बाजूने, अकराने जास्त.

घरी परतताना आम्ही दोघंच होतो. मला रडू येत होतं आणि ते नक्की कशाचं ते सांगता येत नव्हतं. मैदान जाणार म्हणून? त्याबद्दल तर माझं अजूनही काही ठरलं नव्हतं.

"बाबा, का म्हणालात तसं?"

"तू त्याचं तोंड पाहिलंस ना?"

"पण तुमचे कठडे..."

"कठडे लोखंडाचे आहेत," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र लोखंडाचा नव्हता.

इतक्यात मागून काका धापा टाकत आले. हातात नव्या मैदानाचा नकाशा. "अरे, थांब! जुन्या सभासदांना तिथे खुर्च्या आधी निवडता येणार आहेत. मी आजच नंबर लावतो. आपल्या दोघांच्या शेजारीशेजारीच घेऊ ना?"

बाबा थांबले. मी मनात म्हणत होते, आता तरी सांगा, दोन रांगा खाली म्हणा, खांबाचं निमित्त काढा, काहीही. नव्या मैदानाला खांबच नाहीत हे मला नंतर कळलं.

"घे," बाबा म्हणाले. "फक्त कडेची मला दे. मधेच उठावं लागलं तर बरं पडतं."

"गुडघा ना?" काकांनी काळजीने विचारलं. "बोलला नाहीस कधी."

"हो. गुडघाच."

काकांनी तिथल्या तिथे नकाशावर दोन फुल्या मारल्या आणि बाबांचा दंड धरून त्यांना फुटपाथवरून जपून चालवायला लागले. बाबाही थोडं लंगडत चालू लागले. त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही.